नाशिकांतील एक निराळी यात्रा

नाशिकास येणारा यात्रेकरू काय काय पाहतो, हें बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. रामकुंडावर स्नान, काळ्या रामाचें दर्शन, सीतागुंफेंत वांकून उतरणें, तपोवनांत जाऊन गोदा-कपिलेचा संगम पाहणें आणि सवड असल्यास पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणें. एवढें झालें म्हणजे यात्रा पुरी झाली असें समजून तो त्र्यंबकेश्वराची गाडी धरतो. हीं स्थळें पाहण्याजोगीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु आज आम्ही वाचकांस ज्या वाटेनें नेणार आहों, ती कोणत्याहि क्षेत्रमाहात्म्यांत सांपडावयाची नाहीं. ती पंचवटींतून निघते, पूल ओलांडून गांवांत शिरते आणि दवाखाने, तपासणीगृहें, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोल्या व सिव्हिल हॉस्पिटलचीं बाकें अशा मुक्कामांवरून फिरत पुन्हां घरीं येते. गेल्या वर्षीं पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ही वाट आम्हीं आमच्या सहा वर्षांच्या नातवाचा हात धरून अनेकदां तुडविली. त्याचें पोट दुखत असे, आणि कां दुखतें तें कोणास सांगतां येत नव्हतें.

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ, ज्याच्या योगें तरून जातां येतें तें, म्हणजे नदीचा उतार, असा आहे. त्या अर्थानें पाहिल्यास दवाखान्याचा उंबरठा हाहि उतारच होय. आणि नाशिकांत असे उतार थोडे नाहींत. या शहराच्या नांवाची उपपत्ति लोक शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेशीं जोडतात. जेथें नाक कापलें गेलें असें सांगतात, तेंच गांव आज महाराष्ट्रांतील वैद्यकशिक्षणाचें ठाणें झालें आहे, हा योग मोठा गमतीचा. १९९८ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची कचेरी दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळास आहे. पंचवटींतच गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. गांवांत गोळे कॉलनींत औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांचीं दुकानें एकास एक लागून आहेत. पंडित कॉलनींत आणि गंगापूर रस्त्याला तर दवाखान्यांच्या पाट्या वाचतां वाचतां मान दुखूं लागते. त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय मात्र सर्वांचें. त्याच्या बाकावर पंचवटीचा आजोबा आणि पेठेच्या पाड्यावरची आई शेजारीं शेजारीं बसतात.

मुलाचें दुखणें असें होतें. सकाळीं दूध घेतां घेतां तो पेला खालीं ठेवी, बेंबीवर हात दाबून धरी आणि भिंतीकडे तोंड करून निजे. अर्ध्या-पाऊण तासानें उठे व खेळूं लागे. कधीं आठवड्यांतून एकदां, कधीं ओळीनें तीन दिवस. ताप नाहीं, उलटी नाहीं, खाण्यांत फारसा फरक नाहीं.

एकत्र कुटुंबांत एका पोटदुखीस पांच निदानें सहज मिळतात. आजीनें बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप घातला व ओव्याची चिमूट दिली. थोरल्या काकींनीं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. पुण्याहून आलेल्या आत्यानें जंत ठरविले. धाकट्या काकांनीं ‘शाळेचा कंटाळा’ असा निकाल देऊन वर्तमानपत्र पुढें ओढलें. मुलाची आई मात्र कांहीं बोलली नाहीं. तिनें एक वही केली. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, आदल्या रात्रीं काय खाल्लें, शौचास केव्हां झालें, दुखणें किती वेळ टिकलें, हें ती रोज रात्रीं कामावरून आल्यावर लिहून ठेवी. पुढें ज्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलों, त्यांनीं आमच्या लांबलचक कथनापेक्षां त्या वहींतील चार ओळींस अधिक मान दिला, आणि तें योग्यच होतें.

आम्हीं ३४ वर्षें शाळेंत काढलीं. खोट्या पोटदुखीचें आमचें ज्ञान बरेंच आहे. ती पाढ्यांच्या तासाला येते, शिपायानें मधल्या सुटीची घंटा दिली म्हणजे जाते, आणि रविवारीं तिचा मुक्काम कधींच नसतो. सूनबाईंच्या वहींत तीन रविवार होते. गणेशचतुर्थीच्या दिवशींची नोंदहि होती. त्या दिवशीं मुलानें हातांतला मोदक परत ताटांत ठेवला होता. लबाडी करणारा सहा वर्षांचा मुलगा मोदक परत ठेवीत नाहीं.

लहान मुलाची वेदना ओळखावी कशी, हा प्रश्न आजचा नव्हे. काश्यपसंहिता नांवाचा बालरोगांवरील एक प्राचीन ग्रंथ आहे. तो नेपाळांत मिळालेल्या खंडित पोथीवरून राजगुरु हेमराज शर्मा यांच्या प्रस्तावनेसह १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केला. त्यांत वेदनाध्याय म्हणून एक स्वतंत्र अध्याय आहे. वृद्धजीवक हा शिष्य कश्यपांस विचारतो कीं, ज्यांस बोलतां येत नाहीं अशा बालकांच्या वेदना वैद्यानें जाणाव्या कशा? त्यावर आचार्य सिद्धांत सांगत बसत नाहींत. ते लक्षणें मोजून देतात. कान दुखत असेल तर मूल कानांस हात लावतें व डोकें हलवितें. डोकें दुखत असेल तर तें मस्तक फिरवितें, डोळे मिटतें, रात्रीं रडतें. पोटांत शूळ असेल तर स्तन सोडून देतें, रडतें, उताणें पडतें, पोट ताठतें आणि तोंडावर घाम येतो. ज्यास बोलतां येत नाहीं तोहि सांगत असतो, पाहणारानें पाहावें, असा त्या अध्यायाचा रोख आहे.

आणि हें शहाणपण विसावें शतक बरेंच विसरलें होतें, याचें नवल वाटतें. नवजात अर्भकांस वेदना फारशी कळत नाहीं अशा समजुतीनें पाश्चात्य रुग्णालयांतून १९८० च्या दशकापर्यंत कित्येक तान्ह्या मुलांवर अगदीं अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. मूळचे भारतीय असलेले डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनीं इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें केलेलें संशोधन १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस शस्त्रक्रियेच्या वेळीं नीट वेदनाशामक दिलें तर त्यांच्या शरीरावरील ताण कमी होतो व पुढील उपद्रवहि कमी होतात, असें त्यांत दिसून आलें. तेव्हांपासून वैद्यकाची दृष्टि पालटली. मुलाची वेदना मोठ्यांनीं मान्य करणें ही गोष्ट अशी कष्टानें मिळविलेली आहे.

असो. आतां वाटेस लागूं. पंचवटी कारंजावरून होळकर पुलावर आलें कीं खालीं गोदावरी दिसते. नाशिककर तिला गंगाच म्हणतात. त्या वर्षीं श्रावणांत धरणांतून पाणी सोडलें होतें व पात्र भरून चाललें होतें. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ति आहे. नाशिकांत पूर किती आला हें अजूनहि लोक फुटांत विचारीत नाहींत. पाणी मारुतीच्या कोठवर आलें असें विचारतात. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, अशी ती मोजणी आहे.

तिचा आम्हांस अनपेक्षित उपयोग झाला. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं मुलास विचारलें, “शून्य ते दहांत तुला किती दुखतें?” मुलगा गोंधळला. सहाव्या वर्षीं दहाचा आंकडा वाचतां येतो, पण त्यानें वेदना मोजतां येत नाहीं. यासाठींच अमेरिकेंत डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनीं १९८० नंतर हसऱ्या तोंडापासून रडव्या तोंडापर्यंत सहा चेहऱ्यांची एक पट्टी तयार केली, ती आतां जगभर वापरतात. ती पट्टी त्या दिवशीं दवाखान्यांत नव्हती. आम्हीं नातवास विचारलें, “बाळ, मारुतीच्या कोठवर पाणी आलें आहे?” त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “आत्तां गुडघ्याला. सकाळीं छातीला होतें.” डॉक्टर हसले नाहींत. त्यांनीं तें आपल्या कागदावर जसेंच्या तसें लिहून घेतलें. त्या दिवसापासून सूनबाईंच्या वहींत ‘मारुति’ असा एक नवा रकाना पडला.

डॉक्टरांनीं प्रथम तपासणीच्या चिठ्ठ्या लिहिल्या नाहींत, प्रश्न विचारले. रात्रीं झोपेंतून दुखण्यानें जाग येते काय? वजन घटलें काय, उंची वाढावयाची थांबली काय? शौचांतून रक्त पडतें काय? वारंवार उलटी, विशेषतः हिरवट उलटी होते काय? दीर्घकाळ ताप, सांध्यांस सूज, गिळतांना त्रास, रात्रीं जुलाब, लघवीस जळजळ? दुखणें बेंबीपाशींच आहे कीं उजव्या बाजूस खालीं सरकतें? यांपैकीं एकाचेंहि उत्तर ‘होय’ असें असेल तर घरगुती उपचारांत दिवस न घालवितां लगेच डॉक्टरांकडे जावें, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. आमचीं सर्व उत्तरें ‘नाहीं’ अशीं होतीं.

तेव्हां त्यांनीं आम्हांस एका इंग्रज डॉक्टरांची गोष्ट सांगितली. ब्रिस्टल शहरचे डॉक्टर जॉन ॲप्ली यांनीं नोरा नेश यांच्यासह एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ सालीं ती प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदां, रोजचें काम अडावें इतकें पोट ज्यांचें दुखतें, अशीं मुलें त्यांस दहांत एकाहून किंचित् अधिक आढळलीं. आणि अशा मुलांपैकीं शरीराचा ठळक रोग थोड्यांतच निघाला. दुखणें बेंबीपासून जितकें दूर, तितका रोग निघण्याचा संभव अधिक, असेंहि त्यांनीं नमूद केलें. म्हणजे आमचा नातू एकटा नव्हता. प्रत्येक वर्गांत त्याचे चार-पांच सोबती असावयाचे. आम्हांस आमच्या शाळेंतले कित्येक चेहरे आठवले.

तरीहि तपासण्या करावयाच्या होत्या. लघवी, शौच, रक्त, आणि शेवटीं सोनोग्राफी. शौचांत जंतांचीं अंडीं वा इतर परोपजीवी पाहतात, लघवींत संसर्ग, रक्तांत पांडुरोग, अंगांतील दाह आणि गव्हांतील एका घटकाचें न सोसणें. प्रत्येक तपासणी म्हणजे शरीरास विचारलेला एक प्रश्न आहे. पुष्कळ तपासण्या केल्या म्हणजे अधिक काळजी घेतली असें होत नाहीं. योग्य प्रश्न योग्य क्रमानें विचारला म्हणजे झालें. उगाच केलेल्या तपासण्यांनीं मुलाच्या मनांत ‘माझ्या पोटांत कांहीं तरी भयंकर आहे’ एवढेंच पक्कें होतें.

पहिल्या खेपेस रक्त दिलें तो प्रसंग चांगला झाला नाहीं. गांवांतील एका तपासणीगृहांत, “कांहीं दुखत नाहीं रे, मुलगा ना तूं? रडतोस काय?” असें म्हणत तिघांनीं त्यास आडवें दाबून धरलें. सुई एका मिनिटाचीच होती, पण मुलानें दोन रात्रीं झोपेंत हात झाडले. ‘दुखत नाहीं’ असें सांगून दुखविलेल्या मुलास सुईचा राग येत नाहीं, सांगणाराचा येतो.

दुसऱ्या खेपेस रक्त घ्यावयाचें होतें तेव्हां सूनबाईंनीं रजा काढली व सर्व रीतच पालटली. डॉक्टरांस विचारून त्वचा बधिर करणारें मलम आधीं तासभर हातास लावून ठेवलें. मुलास निजविलें नाहीं. आईच्या मांडीवर बसविलें, तिचा एक हात त्याच्या कमरेभोंवतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं लस टोचतांना होणाऱ्या वेदनेविषयीं ज्या सूचना दिल्या, त्यांतहि लहान मुलास आडवें न पाडतां आईबापांनीं धरून बसावें असें सांगितलें आहे. “थोडें टोचेल, मग संपेल. कोणता हात द्यावयाचा तें तूं सांग,” असें आई म्हणाली. त्यानें डावा हात दिला. आम्हीं साबणाच्या फुग्यांची नळी त्याच्या तोंडाशीं धरली. फुंकर दीर्घ गेली कीं श्वास आपोआप संथ होतो. तो रडला, पण सुटण्यासाठीं झगडला नाहीं. बाहेर आल्यावर म्हणाला, “गुडघ्याच्या खालीं.”

पुढें एका बालरोगतज्ज्ञांचें मत घेण्यासाठीं आम्ही सिव्हिलमध्यें गेलों. तेथें बाकावर आमच्या शेजारीं एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलास घेऊन बसली होती. पेठ तालुक्यांतल्या एका पाड्यावरून पहाटेच्या एस. टी.नें ती आली होती. मुलाचे हातपाय दुखत. थंडी पडली वा ताप आला कीं दुखणें इतकें वाढे कीं त्यास उचलून न्यावें लागे. आमच्या नातवानें आपली चित्रांची वही न बोलतां त्याच्यापुढें सरकविली. बाई म्हणाली, “बाबा, गांवांत समदे बोलत, पोर कामाला भितंय. लबाडी करतंय.” शाळेंत आरोग्य तपासणीचें पथक आलें तेव्हां त्याचें रक्त पाहिलें गेलें होतें, आणि त्या दिवशीं तिला पक्का अहवाल मिळावयाचा होता. लहान मुलांच्या तपासणीची ही राष्ट्रीय योजना २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांत पालघर येथेंच सुरू झाली. तींत अंगणवाडीच्या मुलांस वर्षांतून दोनदां व सरकारी शाळेच्या मुलांस एकदां पाहावयाचें असतें.

अहवालांत सिकलसेल निघाला. हा रोग आईबाप दोघांकडून आलेल्या बीजदोषानें होतो. रक्तांतील तांबड्या पेशी एरवीं वाटोळ्या व मऊ असतात, त्या कोयत्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या त्या ठिकाणीं रक्त न पोंचल्यामुळें तीव्र वेदना होते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं अशा पेशींचें पहिलें वर्णन १९१० सालीं छापलें. भारतांत तो १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत प्रथम नोंदला गेला. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी तालुक्यांतहि तो आढळतो. २०२३ सालीं केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाचें अभियान सुरू केलें आहे. भरपूर पाणी पिणें, थंडीपासून जपणें, तापाकडे दुर्लक्ष न करणें व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं नियमित औषध घेणें यांनीं दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात.

रोग गंभीर होता, जन्माचा होता. डॉक्टरांनीं सर्व समजावून सांगितल्यावर ती माउली डोळ्यांस पदर लावून बसली. मग मुलाच्या डोक्यावरून हात फिरवीत म्हणाली, “आतां कोनी त्याला लबाड नाय म्हननार.” एवढ्या मोठ्या दुःखांत तिला हा एक आधार वाटला, हें ऐकून आम्हांस कांहीं बोलवेना.

आमच्या नातवानें तें ऐकलें होतें, हें आम्हांस चार दिवसांनीं कळलें. सोनोग्राफीचा दिवस होता. तपासणीपूर्वीं सहा तास पोट रिकामें ठेवावयाचें होतें, म्हणून वेळ काढण्यासाठीं आम्ही त्यास घेऊन सकाळीं गंगेवर आलों. बुधवार होता, घाटाकडे बाजार मांडावयास सुरुवात झाली होती, मेथीच्या जुड्या व टोमॅटोच्या पाट्या उतरत होत्या. नारोशंकराच्या देवळावरची ती मोठी घंटा, जी वसईच्या १७३९ च्या विजयाची खूण म्हणून दाखवितात, ती त्यास आम्हीं दाखविली. तिच्याकडे पाहत असतांनाच त्यानें विचारलें, “आजोबा, त्या दादाच्या रक्तांत सांपडलें ना? माझ्यांत कांहींच सांपडत नाहीं. आज पण नाहीं सांपडलें तर मी लबाड का?”

गेले तीन महिने आम्हीं सर्वांनीं प्रत्येक अहवाल हातांत येतांच “देवाची कृपा, कांहीं नाहीं निघालें!” असें त्याच्यादेखत म्हटलें होतें. आमच्या दृष्टीनें ती आनंदाची वार्ता होती. मुलाच्या कानांत ‘कांहीं नाहीं’ हा शब्द निराळाच वाजत होता. आम्हीं त्यास कडेला पायरीवर बसविलें व सांगितलें, “बाळ, यंत्रास रोग दिसतो, दुखणें दिसत नाहीं. तुझ्या पोटांत पाणी कोठवर आलें आहे हें एकट्या तुलाच दिसतें, आणि तूं सांगशील तें आम्ही लिहून घेऊं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग भूक लागली म्हणाला. ती भूक आणखी दोन तास सोसावयाची होती, तीहि त्यानें सोसली.

सोनोग्राफीच्या खोलींत जाण्यापूर्वीं काय होणार तें त्यास क्रमानें सांगितलें होतें. खोली अंधारी असेल. पोटावर गार मलम लावतील. टोंचणें मुळींच नाहीं. आई उशाशीं उभी राहील. कानांस ऐकूं न येणारे ध्वनि शरीरांत सोडून त्यांचे पडसाद टिपावयाचे, ही युक्ति ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनीं १९५८ सालीं रोगचिकित्सेच्या कामीं प्रसिद्धीस आणली. आम्हीं त्यास सांगितलें, पांडवलेण्यांत हांक मारली कीं भिंत उत्तर देते, तसेंच हें. तेव्हां तो पडद्याकडे पाहत राहिला व आपलें मूत्रपिंड कोणतें तें डॉक्टरांस विचारूं लागला.

अहवाल निर्दोष आला. यावेळीं घरांत कोणीं ‘कांहीं नाहीं’ असें म्हटलें नाहीं. बालरोगतज्ज्ञांनीं मुलास समोर बसवून, त्याच्याकडे पाहून सांगितलें, “तुझें पोट खरोखर दुखतें. पोटाला स्वतःचें मज्जातंतूंचें जाळें आहे आणि तें मेंदूशीं सारखें बोलत असतें. तुझ्या पोटांतला गुरखा फार जागरूक आहे. चोर आला तरी शिट्टी वाजवितो आणि मांजर गेलें तरी वाजवितो. शिट्टी खरी आहे. चोर मात्र नाहीं, हें आम्हीं सगळीकडे दिवा घेऊन पाहिलें. आतां त्या गुरख्याला थोडें शांत व्हावयास शिकवूं.” आम्हांस त्यांनीं निराळें सांगितलें कीं, अशा दुखण्यांत आणखी तपासण्यांच्या मागें लागूं नये, वजन-उंची पाहत राहावें, आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकीं एखादी दिसली तर मात्र लगेच यावें.

वहीवरून आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. शाळेच्या दिवसांत मुलास शौचास दोन दोन दिवस होत नसे. विचारल्यावर त्यानें सांगितलें कीं, शाळेच्या शौचालयास कडी नाहीं, म्हणून तो जात नाहीं. मलावरोध हें मुलांच्या पोटदुखीचें फार सामान्य कारण आहे. एवढ्यानेंच सर्व दुखणें उलगडलें असें डॉक्टर म्हणाले नाहींत, पण उपचार सुरू झाला: सकाळीं न्याहारीनंतर दहा मिनिटें निवांत बसणें, पाणी, फळें, भाजी, आणि कांहीं दिवस सौम्य औषध. सूनबाई मुख्याध्यापकांस भेटल्या. कडी आठ दिवसांत बसली.

घरानेंहि कांहीं नियम करून घेतले. “आज दुखतें का?” असें कोणीं विचारावयाचें नाहीं, त्यानें सांगितलें तर ऐकून घ्यावयाचें व मारुतीचें माप लिहावयाचें. दुखूं लागलें तर पोटावर ऊन पाण्याची पिशवी, दीर्घ श्वास, एक गोष्ट. आणि पाणी उतरलें कीं उशिरा कां होईना, शाळा. दुखण्याच्या दिवशीं खाऊ-खेळण्यांची खैरात नाहीं, आणि रागावणेंहि नाहीं. ‘डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचवीन’ ही धमकी घरांतून हद्दपार. धाकट्या काकांनीं स्वतः होऊन रोज त्यास शाळेंत पोंचविण्याचें काम घेतलें. आजीचा हिंगाचा लेप चालूं आहे. त्यानें अपाय नाहीं, आणि आजीचा हात पोटावरून फिरतो तो निराळाच उपाय आहे, असें डॉक्टरहि म्हणाले.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें दुखणें असेल त्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें. कारण शोधणें हें डॉक्टरांचें काम, आणि तें त्यांस नीट करूं द्यावें. धोक्याच्या खुणांस हलकें लेखूं नये. परंतु मुलावर विश्वास ठेवण्यासाठीं अहवालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पेठच्या त्या मुलाचें दुखणें कागद येण्यापूर्वींहि तितकेंच खरें होतें, आणि आमच्या नातवाचें कागद कोरा आला तरीहि खरेंच राहिलें. घरांत दहा माणसें असलीं कीं दहा तर्क असणारच. पण मुलाच्या कानांवर त्या सर्वांचा मिळून एकच शब्द पडावा, तो हा कीं, तुझें आम्हांस खरें वाटतें.

नातवाचें पोट अजून दुखतें. सूनबाईंच्या वहींत गेल्या महिन्यांत चार नोंदी आहेत. श्रावणांत अठरा होत्या. तीन घोट्यापर्यंतच्या, एक कमरेपर्यंतची. त्या चौथ्या दिवशीं तो दुसऱ्या तासाला शाळेंत पोंचला.